ताई, झाडं लावायला कधी येऊ?

दरवर्षी पहिला पाऊस पडला की माझ्या फोनवर मेसेज सुरू होतात. ताई, यंदा झाडं लावायला कधी जायचं, आमच्या ऑफिसचे पंधरा जण आहेत, शनिवार चालेल का, रोपं तुम्ही आणणार की आम्ही. प्रत्येक मेसेज वाचून मला बरं वाटतं, पाऊस बघून कुणालातरी मातीत हात घालावासा वाटतोय ही लहान गोष्ट नाही. पण गेली सहा वर्षं मी सगळ्यांना एकच उत्तर देते, जूनमध्ये नको, ऑक्टोबरमध्ये या. त्यावर बहुतेकांचा नुसता अंगठा येतो आणि विषय तिथेच राहतो. म्हणून यंदा म्हटलं, एकदा बसून सगळं लिहूनच काढू, का नको आणि मग काय करायचं ते.

मी भांडुपची. जन्म, शाळा, संसार, सगळं इथेच. आमच्याकडे पश्चिमेला डोंगर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची मागची बाजू, आणि पूर्वेला हायवे ओलांडला की मिठागरं, कांदळवन आणि मग ठाण्याची खाडी. मधल्या चिंचोळ्या पट्टीत आम्ही सगळे दाटीवाटीने राहतो. लहानपणी मे महिन्यात डोंगराच्या कडेला करवंदं शोधत फिरायचो आणि थंडीत बाबा पंपिंग स्टेशनच्या रस्त्याला सायकलवर पुढे बसवून पक्षी दाखवायला न्यायचे. त्यांना पक्ष्यांची नावं फारशी यायची नाहीत, ते सगळ्यांनाच बगळे म्हणायचे, पण न्यायचे मात्र नेमाने. त्यामुळे जमीन वाचवणं वगैरे शब्द मला खूप उशिरा कळले, माझ्यासाठी ती आमच्या मागची-पुढची जागा होती आणि ती दरवर्षी थोडी थोडी कमी होत चालली होती एवढंच.

आता जूनमध्ये का नको ते सांगते. काही वर्षांपूर्वी डोंगराच्या एका उतारावर एका कंपनीने मोठा वृक्षारोपणाचा कार्यक्रम केला. बसमधून माणसं आली, बॅनर लागला, फोटो झाले, शेकड्याने रोपं लागली. मीही होते त्यात, मनापासून खड्डे खणले. पण रोपं कुठली होती तर गुलमोहर, सुबाभूळ, गिरिपुष्प, सगळी बाहेरची. आणि ज्या उताराला आम्ही सगळे मोकळा मोकळा म्हणत होतो तिथे कारवी होती. जागा व्हावी म्हणून ती आदल्या आठवड्यातच छाटून टाकलेली. कारवी सात-आठ वर्षं नुसती वाढत राहते, मग एकदाच सगळी मिळून फुलते, बी टाकते आणि मरते. २०१६ साली नॅशनल पार्कात ती फुलली होती तेव्हा अख्खे उतार जांभळे झाले होते, ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवत असेल. एवढी वर्षं थांबून बसलेलं झाड आम्ही कापलं आणि त्याच्या जागी सुबाभूळ लावली. पुढच्या मे महिन्यात जाऊन बघितलं तर त्यातली बोटांवर मोजण्याइतकीच रोपं जिवंत होती, पाणी घालायला कुणीच गेलं नव्हतं. कारवीही गेली आणि झाडंही गेली. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं आणि तिथून माझं सगळं काम बदललं.

जी जागा आपल्याला रिकामी दिसते ती बहुतेक वेळा रिकामी नसते. गवताळ माळ असेल, कातळ असेल, चिखल असेल, मिठागर असेल, तिथे आधीपासून कुणीतरी राहतंय. पडीक हा शब्द सातबाऱ्यासाठी ठीक आहे हो, पण पडीकमध्येच टिटवी अंडी घालते. म्हणून आधी जागा बघायची, निदान एक वर्ष बघायची, चारही ऋतूत, आणि मग ठरवायचं की तिला आपल्याकडून काय हवंय. बऱ्याचदा तिला हवं असतं ते एवढंच की कुणी काही करू नये, आणि जे करायला येतील त्यांना कुणीतरी अडवावं.

ऑक्टोबरचं म्हणाल तर ऑक्टोबर रानमोडीचा. रानमोडी तुम्ही सगळ्यांनी बघितलीये, फक्त नाव माहीत नसेल. रस्त्याच्या कडेला, रेल्वेलाईनला, डोंगरात, सगळीकडे. पानावर तीन शिरा ठळक उठून दिसतात, त्रिशूळासारख्या, आणि पान चुरगळलं की उग्र वास येतो. ही मूळची अमेरिकेतली, इथे आली आणि रान मोडत सुटली, नावच तसं पडलंय तिला. थंडीत तिला पांढरट जांभळट फुलं येतात आणि मग बी वाऱ्यावर उडतं म्हातारीसारखं, एका झाडाचं हजारोंनी. म्हणून ती फुलायच्या आधी, जमीन अजून ओली आहे तोवर, मुळासकट उपटायची. ऑक्टोबरच्या शेवटी माती घट्ट व्हायला लागते, मग नुसती वरची काडी हातात येते आणि मूळ खाली हसत बसतं, पुढच्या पावसात परत तयार. आणि उपटली नाही तर काय होतं, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये ती वाळून कोरडीठाक होते आणि एखादी सिगरेट पडली की वणवा. वणव्याच्या आधी वनखातं जाळरेषा काढतं, म्हणजे पट्टाच्या पट्टा गवत काढून मोकळा करतात म्हणजे आग त्याच्या पलीकडे जाऊ नये, आणि त्या कामाला माणसं लागतात. उन्हात, पाठ मोडणारं काम आहे, फोटोला काही दिसत नाही, नुसती माती दिसते. पण माझ्या मते वर्षातला सगळ्यात उपयोगी रविवार तोच.

घाणेरी, काही जण तिला टणटणी म्हणतात, तिची वेगळी तऱ्हा. ती नुसती तोडली तर दुप्पट जोमाने फुटते. तिचं मुख्य मूळ जमिनीच्या तीन ते पाच सेंटीमीटर खाली छाटायचं आणि सगळं झुडूप उचलून मुळं वर करून ठेवायचं, म्हणजे परत जमीन धरत नाही. ही युक्ती मला एका वनरक्षक दादांनी दाखवली, पहिल्या दिवशी माझे हात काट्यांनी फाटले होते, कारण मी बागकामाचे पातळ हातमोजे घालून गेले होते. तुम्ही जाड घ्या, वेल्डिंगवाले वापरतात तसले, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. नॅशनल पार्कात किंवा कांदळवनात आपल्या मनाने जाऊन काहीही उपटायचं नाही, लावायचं नाही. तो राखीव भाग आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय पानसुद्धा तोडायचं नाही आणि ते बरोबरच आहे, नाहीतर उद्या कुणीही कोयता घेऊन जाईल आणि म्हणेल मी तण काढतोय. म्हणून कुठल्यातरी ग्रुपबरोबर जा किंवा वनखात्याच्या ऑफिसात जाऊन विचारा की आम्ही इतके जण आहोत, काय करू. ते आधी जरा संशयाने बघतात, आणि दुसऱ्यांदा तिसऱ्यांदा गेलं की चहा पाजतात.

आता खाडीचं. ठाणे खाडीतला १,६९० हेक्टरचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत गेली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. मी हे लोकांना सांगते तेव्हा विश्वासच बसत नाही, हायवेवरून रोज जाणारी माणसं आहेत पण त्या भिंतीपलीकडे काय आहे ते माहीत नाही. थंडी सुरू झाली की रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात ते मे-जूनपर्यंत असतात, चिखलावर अख्खा गुलाबी पट्टा दिसतो, आणि कडेच्या उथळ पाण्यात शेकाटे लांब लाल पायांवर चालत असतात.

तिथली सफाई म्हणजे बीचवरच्या सफाईसारखी नसते. बीचवर चालता येतं, इथे पाय गुडघ्यापर्यंत आत जातो आणि बूट आतच राहतो. तिवराची झाडं असतात ना, त्यांची मुळं श्वास घ्यायला जमिनीतून वर येतात, पेन्सिली उभ्या रोवल्यासारखी, शेकडो. चिखलात हवा नसते म्हणून झाड ही मुळं वर काढतं. त्यांच्यावर प्लास्टिकची पिशवी बसली की ती मुळं गुदमरतात. मागच्या जानेवारीत एका तिवराच्या बुंध्याभोवती मला एक अख्खी नायलॉनची साडी सापडली, हिरवी, जरीच्या काठाची. किती भरत्या तिच्यावरून गेल्या असतील कोण जाणे, प्रत्येक भरतीने तिला आणखी एक वेढा दिला होता. ओढली तर मुळं मोडतात, म्हणून मी आणि एक कॉलेजची मुलगी चिखलात बसून कात्रीने वीत वीत कापत बसलो. पाऊण तास लागला. खाली मुळं काळी आणि मऊ झाली होती, कडेची चार-पाच मात्र अजून टणक होती. मार्चमध्ये परत गेले तेव्हा त्या झाडाला नवी पालवी होती. एका झाडाला पाऊण तास हा हिशोब काही जणांना पटत नाही, किती किलो कचरा काढला ते सांगा म्हणतात. किलोच हवे असतील तर थर्माकोल आणि बाटल्या आहेतच, औषधांची पाकिटं, चपला, निर्माल्याच्या पिशव्या, संपत नाहीत.

नवीन ग्रुप करताय तर दोन गोष्टी. एक, ओहोटीची वेळ बघून ठरवा, रविवार सकाळ सगळ्यांना सोयीची असते पण समुद्राला रविवार माहीत नाही, भरती असली तर जाऊन परत यावं लागतं. दुसरं म्हणजे वॉर्ड ऑफिसला आधी सांगून कचऱ्याची गाडी पक्की करा. आमच्या पहिल्या सफाईत आम्ही चाळीस गोण्या भरून बांधावर रचून ठेवल्या, खूप आनंदात घरी गेलो, गाडी आलीच नाही, आणि अमावस्येच्या भरतीने सगळ्या गोण्या फोडून परत आत नेल्या. आता गाडी आल्याशिवाय आम्ही चिखलात उतरतच नाही.

आणि तिथल्या माणसांना विचारा. भांडुप गावातल्या एक मावशी आहेत, मासळी विकतात, मी त्यांच्याकडून गेली वीस वर्षं घेते. त्यांना मी एकदा विचारलं की मावशी खाडी कशी आहे आता. त्या म्हणाल्या, पोरी, मी खाडीला निवट्यांवरून ओळखते, पूर्वी आम्ही लहान असताना टोपली भरून आणायचो, आता शोधाव्या लागतात. निवटी म्हणजे तो चिखलात उड्या मारणारा छोटा मासा. तेव्हापासून आम्ही सफाईला गेलो की निवट्या आणि चिंबोऱ्यांची बिळं मोजतो, एका ठरलेल्या चौकोनात, दर महिन्याला त्याच जागी. हा सगळा उद्योग मावशींच्या एका वाक्यावरून सुरू झालाय. गोरेगावच्या आरे कॉलनीत गेलात तर तिथे २७ आदिवासी पाडे आहेत, वाघोबाला मानणारी माणसं बिबट्याच्या शेजारी पिढ्यान्पिढ्या राहिलीत, त्यांच्या अंगणात जाऊन त्यांनाच जंगल शिकवू नका. आधी ऐका, आणि मग तुमच्याकडे जे आहे ते द्या, म्हणजे वेळ, इंग्रजीत अर्ज लिहिता येणं, लॅपटॉप.

मोजण्यावरून आठवलं, नोंदी. मला आधी वाटायचं की हा पक्षीवाल्यांचा छंद आहे, आपलं काय काम. पण जेव्हा कुठल्याही जागेचा विषय निघतो तेव्हा समोरून पहिलं वाक्य येतं, तिथे काही नाही, गवत आहे. त्या वाक्याला उत्तर फक्त नोंदीच देऊ शकतात. आय-नॅचरलिस्ट आणि ई-बर्ड ही दोन ॲप मोबाईलमध्ये टाका, फोटो काढा, जागा आणि तारीख आपोआप जाते, नाव माहीत नसलं तरी चालतं, दुसरं कुणीतरी ओळखतं. आरेत २०१० मध्ये विंचवाची एक नवीन जात सापडली, विज्ञानाला माहीतच नसलेली, तिचं नाव आरेवरून लायकस आरेएन्सिस ठेवलं. मुंबईच्या मध्यावर, दूध कॉलनीत. तो विंचू तिथे हजारो वर्षं असेल, पण कुणी वाकून बघेपर्यंत कागदोपत्री तिथे काही नव्हतंच.

आता जे काम कुणालाच करायचं नसतं आणि ज्याने माझ्या मते सगळ्यात जास्त जमीन वाचते, ते म्हणजे कागद.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे कांदळवनाच्या कडेला रात्री डंपर यायला लागले. डेब्रिज टाकायचे, मग त्यावर माती, मग सपाट, आणि सहा महिन्यांनी तिथे पत्रे उभे. ही नेहमीची पद्धत आहे, भराव टाकला की भरतीचं पाणी अडतं, पाणी अडलं की तिवर आपोआप वाळतं, मग म्हणायचं इथे कांदळवन कुठे आहे. आम्ही पहिली तक्रार फोनवर केली, काही झालं नाही. दुसरी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून, काही नाही. मग आमच्यातले एक काका, रेल्वेतून रिटायर झालेले, ते म्हणाले असं नाही करायचं, अर्ज लिहायचा आणि पोच घ्यायची. मी त्यांच्याकडून जे शिकले ते सांगते. फोटो काढताना मागे कायमची ओळखीची खूण यायला हवी, हाय टेन्शनचा टॉवर, पूल, काहीतरी, आणि तारीख-वेळ-लोकेशन फोटोवरच छापणारं ॲप वापरायचं. गूगल अर्थवर जुनी वर्षं मागे जाऊन बघता येतात, तिथला पाच वर्षांपूर्वीचा हिरवा फोटो आणि आजचा तपकिरी फोटो शेजारी शेजारी लावायचा. जागेचा सिटी सर्व्हे नंबर शोधून टाकायचा. आणि उच्च न्यायालयाचा आदेश लिहायचा. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम आदेश दिलाय की राज्यात कांदळवन तोडायचं नाही, जमीन कुणाच्याही मालकीची असो, आणि भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम नाही. खासगी जमीन आहे हो, असं कुणी म्हटलं की हे वाक्य पुढे करायचं.

मग तो अर्ज वनखात्याचा कांदळवन कक्ष, तहसीलदार, वॉर्ड ऑफिस आणि पोलीस स्टेशन, चारही ठिकाणी स्वतः नेऊन द्यायचा आणि आपल्या कॉपीवर शिक्का, सही, आवक क्रमांक घ्यायचा. एका कार्यालयात मला तीन वेळा परत पाठवलं, साहेब नाहीत, उद्या या, हे आमच्याकडे येत नाही. मी हाफ डे टाकून टाकून गेले, तिसऱ्यांदा डोळ्यात पाणी आलं माझ्या. चौथ्यांदा काका बरोबर आले आणि शांतपणे बाकावर बसून राहिले दीड तास, मग शिक्का मिळाला. महिन्याने माहिती अधिकारात विचारलं की आवक क्रमांक अमुकवर काय कारवाई केली, दहा रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सातव्या महिन्यात पंचनामा झाला, डंपर थांबले, आणि टाकलेल्या भरावातला अर्धाअधिक उचलला गेला. सगळा नाही. उरलेल्यासाठी अजून पत्रं चालू आहेत. पण मधे पाणी परत आत यायला लागलं आणि गेल्या वर्षी तिथे तिवराची छोटी रोपं आपसूक उगवली, आम्ही एकही लावलं नाही.

रात्री काही दिसलं आणि कुणाला सांगावं कळत नसेल तर महापालिकेचा १९१६ आणि वनखात्याचा १९२६ हे नंबर आहेत, फोन केला की तक्रारीचा नंबर मागून लिहून ठेवा.

झाडांचंही तसंच. १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, झाड तोडायचं किंवा हलवायचं असेल तर त्याच झाडावर नोटीस लावावी लागते आणि हरकत घ्यायला सात दिवस मिळतात. सात दिवस म्हणजे काहीच नाही, तुम्ही गावाला गेलात तर गेले. म्हणून रस्त्यावरून जाताना झाडाला कागद चिकटवलेला दिसला तर थांबून वाचा. हरकत म्हणजे निबंध लागत नाही. झाडाचा नंबर, जात, ते का ठेवता येईल, आराखड्यात काय बदल केला तर वाचेल, एवढं अर्ध्या पानात. आणि मोकळ्या मैदानाचं आरक्षण बदलायचं असेल तर तीसुद्धा जाहीर सूचना पेपरात येते, बारीक टाइपात, तिथे साधारण महिना मिळतो. काकांचं रोज सकाळचं काम तेच आहे, चहा आणि जाहीर सूचना. भांडुप, कांजूर, नाहूर, मुलुंड, पवई, एवढी नावं शोधायची, कात्रण कापायचं, फाइलला लावायचं, फोटो ग्रुपवर. त्यांचे गुडघे गेलेत, चिखलात उतरता येत नाही, पण आमच्या ग्रुपचे डोळे तेच आहेत. ज्यांना वाटतं की आपलं वय झालं, आपण काय करणार, त्यांनी हे करा.

हरकतींनी काय होतं असं विचारणाऱ्यांना मी २०१५ ची आठवण देते. मुंबईचा विकास आराखडा आला होता, त्यात इतक्या चुका होत्या की लोकांनी हजारोंनी हरकती पाठवल्या, आणि मुख्यमंत्र्यांनी तो मसुदाच रद्द करून परत करायला लावला. नेहमी असं होत नाही, मला माहितीये. आरेत ऑक्टोबर २०१९ मध्ये रात्री तोड सुरू झाली आणि दोन हजारांवर झाडं पडली, तीन दिवसांनी सुप्रीम कोर्टाने थांबवायला सांगितलं तोवर मेट्रोच्या कारशेडच्या जागेवरची झाडं गेलेली होती. ती रात्र मी विसरणार नाही. पण पुढच्या वर्षी आरेतली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करायचं सरकारने जाहीर केलं, ते इतक्या लोकांनी इतकी वर्षं पत्रं लिहिली नसती तर कुणाच्या डोक्यातही आलं नसतं असं मला ठामपणे वाटतं. आता आमच्या दारातला प्रश्न मिठागरांचा आहे. कांजूर, भांडुप, मुलुंडची मिळून २५५.९ एकर मिठागरं धारावी पुनर्विकासातल्या भाड्याच्या घरांसाठी घ्यायला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. घरं लोकांना हवीत, त्याबद्दल माझं दुमत नाही, चाळीत वाढलेय मी. पण २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा डोंगरावरून येणारं पाणी आणि खाडीतून चढणारं पाणी, दोन्हीला पसरायला जागा म्हणजे हीच सखल मिठागरं. ती भरून टाकली तर ते पाणी कुठे जाणार हे कुणीतरी मला नीट सांगावं, मी ऐकायला तयार आहे.

घराजवळ काय करता येईल विचाराल तर आधी सोसायटीच्या गेटबाहेरची झाडं बघा. बुंध्याला चिकटून सिमेंट, पेव्हर ब्लॉक, मुळाला पाणीच नाही. आमच्या गल्लीत रस्त्याचं काम करणाऱ्या ठेकेदाराने असंच केलं आणि दुसऱ्या पावसात एक मोठा करंज मुळासकट आडवा झाला, खाली कुणी नव्हतं हे नशीब. बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी हवी. वॉर्डच्या उद्यान विभागाला पत्र दिलं तर ते फोडून देतात, आम्ही अकरा झाडांची करून घेतली, आणि बुंध्यांत ठोकलेले खिळे आम्ही स्वतः काढले, पक्कड आणि शिडी, एका रविवारात एक डबा भरून खिळे निघाले.

आणि झाडं लावायचीच असतील, तर लावा ना, मी कुठे नाही म्हणते, पण बियांपासून सुरुवात करा. मे महिन्यात बहाव्याच्या शेंगा, करंज, आपटा, कांचन गोळा करायचं. बहाव्याचं बी कडक असतं, गरम पाण्यात भिजवल्याशिवाय लवकर रुजत नाही. जांभूळ आणि फणसाच्या बिया मात्र साठवायच्या नाहीत, फळ खाल्लं की लगेच मातीत, वाळल्या की मेल्या. गच्चीवर दुधाच्या पिशव्यांत वर्ष-दोन वर्षं वाढवा आणि मग ज्याला तीन उन्हाळे पाणी घालायची तयारी आहे त्यालाच द्या.

पैसे कुठे द्यायचे असं विचारणारेही खूप असतात, ज्यांना खरंच वेळ नाही. १८८३ पासून काम करणारी बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, आहे, तिचं गोरेगावला फिल्मसिटीजवळ ३३ एकरांचं केंद्र आहे, सभासद व्हा, मुलांना घेऊन जा. नॅशनल पार्कात प्राणी दत्तक घ्यायची योजना आहे. आणि एकदा तरी धारावीजवळ मिठीकाठच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात जा. ३७ एकर, पूर्वी तिथे कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड होतं, आज आत गेलं की बाहेरच्या ट्रॅफिकचा आवाज ऐकू येत नाही. मी दमले, निराश झाले की तिथे जाऊन बसते, एवढ्या कचऱ्यावर जंगल उभं राहिलंय, म्हणजे आमच्या चाळीस गोण्या काहीच नाहीत.

मघाशी ती साडी कापणारी कॉलेजची मुलगी म्हटलं ना, तिचाही पहिला मेसेज जूनमधलाच होता, ताई झाडं लावायला कधी येऊ. तिलाही ऑक्टोबर सांगितलं आणि ती खरंच आली, घरून कुदळ घेऊन. आता काकांनी तिला जाहीर सूचना वाचायला शिकवलंय. काल संध्याकाळी तिने ग्रुपवर एक फोटो टाकला, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या तीन शिरीषांवर नोटीस लागलीये, तारीख परवाची आहे. म्हणजे सातातले दोन दिवस गेले. आज रात्री जेवणं झाली की माझ्याकडे बसून हरकत लिहायची आहे, काका फाइल घेऊन येतायत, ज्यांना यायचं असेल त्यांनी साडेनऊपर्यंत या.